मधली सवारी

निंबाआप्पा पायी चालत असले तरी वळताना हात दाखवतात.

आमची सुरतेच्या गोडादऱ्यातली गल्ली एवढी अरुंद की समोरून भाजीची हातगाडी आली तर माणसाला कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथे वाहतुकीचे नियम पाळायला मुळात वाहतूक मावत नाही. पण सकाळी दूध आणायला निघालेले आप्पा डेअरीच्या कोपऱ्यावर आले की उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब करतात, मान वळवून मागे बघतात आणि मगच वळतात. मागे बहुतेक वेळा एखादं कुत्रं असतं. गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात कधीतरी तो हात त्याच्या तोंडावर बसतो. त्यानंतर तो आप्पांपासून अंतर ठेवून चालायला शिकतो.

मी आप्पांचा शेजारी. मूळ परभणीकडचा, इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत आयुष्यभर पोरं शिकवली आणि आता घरी बसून थकतो. आप्पा खानदेशातले, शिरपूरच्या बाजूचे. मिसरूड फुटायच्या आधी इथे आले आणि लूमच्या खात्यात लागले. कारखान्याला इथे खातं म्हणतात आणि मागाला संचा. संचे चालवता चालवता आप्पा तिथले मास्तर झाले. त्यामुळे गल्लीत कोणी "ओ मास्तर" अशी हाक मारली की आम्ही दोघंही वळतो. आप्पा हात दाखवून वळतात, एवढाच फरक.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "तार तुटली की संचा बंद. गाठ मारायची, मग चालू." खात्यात ते बरोबरच असणार. ताण्यातली एक तार तुटली आणि तसाच संचा चालू ठेवला तर पुढचं सगळं कापड नासतं. पण आप्पांनी हा कायदा खात्याबाहेरही लागू केला. स्कूटरचा हॉर्न बिघडला की "तार तुटली", स्कूटर दारात. एकदा रस्त्यातला सिग्नल बिघडून लालच राहिला, तर आप्पा त्याच्यासमोर स्कूटर बंद करून उभे. मागे बसलेली त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, थोडा वेळ थांबल्या, मग उतरून चालत घरी आल्या आणि आमच्याकडून चावी घेऊन कुकरही लावला. आप्पा आले तेव्हा वरण शिजलेलं होतं.

याच वाक्याने आप्पांच्या घराचंही नुकसान केलं. त्यांचा धाकटा भाऊ हिंमत सुरतेतच, भेस्तानला राहतो. त्याच्या मुलाच्या लग्नात हळदीच्या गाण्यांच्या मध्येच कोणीतरी डीजे सुरू केला. आप्पा उठले आणि भरमांडवात त्यांनी वायर उपटली. "आधी बायांची गाणी पुरी होऊ द्या. तार तुटली की संचा बंद." नवरदेवाचे मित्र हसले आणि व्याह्यांसमोर हिंमतचं तोंड उतरलं. तेव्हापासून हिंमत गोडादऱ्यात आला नाही. आप्पाही भेस्तानला गेले नाहीत, कारण आप्पांच्या मते त्यांचं काही चुकलं नव्हतं. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर राहणं किती दमवणारं असतं, हे वहिनींना विचारावं.

तर अशा या माणसाला गेल्या श्रावणानंतर वाहतूक पोलिसांचं चलान आलं. मोबाईलवर मेसेज, सोबत चौकातल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो. आरोप दोन होते. एक, दुचाकीवर तिघं. दुसरा, मधल्या सवारीला हेल्मेट नाही.

आप्पा मोबाईल घेऊन थेट माझ्याकडे आले. मी फोटो पाहिला. पुढे हेल्मेट घातलेले आप्पा, मागे हेल्मेट घातलेल्या वहिनी, आणि दोघांच्या मध्ये हिरवी साडी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, नाकात नथ असलेली एक ठेंगणी बाई.

"आप्पा, ही कोण?"

"कानबाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत काय शिकवलं असेल याचीच त्यांना शंका आली असावी.

मी इतकी वर्षं खानदेशी लोकांत राहतोय, तेव्हा कानबाई मला माहीत होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. ती म्हणजे नारळ, पण नुसता नारळ नाही. पिढ्यान्पिढ्या जपलेला, भावकीचा नारळ. त्याला डोळे, नथ, दागिने, साडी, असं सगळं सजवून चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आप्पांच्या घरची रीत अशी की नारळाला तापीत बुडवून परत घरी आणायचं आणि पुढच्या वर्षापर्यंत जपायचं. या सणाला गव्हाचे रोट होतात. घरातल्या माणसागणिक मुठीने गहू मोजायचा आणि ते रोट फक्त भावकीने खायचे. बाहेरच्याला कणभरही नाही. मी भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी, पण रोटाचा वास तेवढा माझ्या वाट्याला येतो. गेली काही वर्षं आप्पा आणि वहिनी दोघंच असतात. लेक लग्न होऊन शिरपूरला गेली. तरी आप्पा हिंमतच्या घरच्यांच्या मुठी मोजतातच. मग श्रावणात दोन म्हातारी माणसं कितीतरी दिवस रोटच खात बसतात, कारण ते टाकायचेही नसतात.

"पण कानबाई तर डोक्यावरून नेतात ना?" मी विचारलं. "मिरवणुकीने?"

"डोक्यावर हिंमतची बायको घ्यायची. हिची मान दुखते." आप्पा फोटोकडे बघत म्हणाले. "मिरवणुकीला माणसं लागतात सर. दोघांची कसली मिरवणूक?"

म्हणून स्कूटर. पडू नये म्हणून कानबाई मध्ये. आणि चौकातल्या कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय कळणार!

गल्लीतल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, दंड भरा आणि मोकळे व्हा. कोणी म्हणालं, पुढच्या वर्षी कानबाईला छोटं हेल्मेट घ्या. आप्पांनी तो विचार खरंच केला, पण वहिनींनी डोळे वटारले. शेवटी आप्पा मला म्हणाले, "दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल. मी कोर्टात जाणार. तुम्ही सोबत चला, तुम्हाला कागद वाचता येतात."

कागद वाचता येतात ही माझी एकमेव शिक्षा. ती मी निवृत्तीनंतरही भोगतोय.

कोर्टाचं वर्णन काय करू. ज्यांनी पाहिलंय त्यांना नको असेल आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहू नये. झाडाखाली वकिलांची टेबलं, झेरॉक्सपुढची रांग, आणि जिन्यात बसलेली माणसं, ज्यांना आपण कशासाठी आलो हे सकाळी माहीत असतं आणि दुपारपर्यंत त्यांनाही खात्री उरत नाही. आम्ही सकाळी जायचो. आप्पा इस्त्रीचा सदरा घालायचे. पार्किंगमध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये स्कूटर लावायला त्यांना इतका वेळ लागायचा की मागे गाड्यांची रांग लागायची. मग बाकावर बसायचं. आमचा पुकारा व्हायचा तेव्हा कधी साहेब रजेवर असायचे, कधी वकिलांचा बंद, कधी फोटो पाठवणारे पोलीस बंदोबस्तावर. पुढची तारीख.

मी खचून जायचो. सगळेच खचतात. आप्पा मात्र तारीख पडली की खुलायचे. घरी परतताना स्कूटरवर चक्क गुणगुणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नाद लागला. घरी बसून कंटाळलेल्या माणसाला कोर्ट म्हणजे एक खातंच झालं, जायला जागा झाली.

आणखी एक गोष्ट होती. दर तारखेला वहिनी दोन डबे द्यायच्या. एकातली पोळीभाजी आम्ही दोघं बाकावर बसून खायचो. दुसरा डबा आप्पा उघडायचे नाहीत. त्यात कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असायचा, हे वासावरून कळायचं. उडीद आणि ज्वारीच्या त्या भाकरीवर माझा जीव. एकदा मी हात पुढे केला, तर आप्पांनी डबा मांडीखाली घेतला.

"हा साक्षीदाराचा डबा आहे."

"कोण साक्षीदार?"

"हिंमत."

मी म्हटलं, आप्पा, फोटोत तुम्ही आहात, वहिनी आहेत. हिंमत कुठून आला? त्यावर आप्पांनी मला कायदा समजावला. वहिनी आरोपीच्या गाडीवर बसलेल्या, त्यांची साक्ष कोण धरेल? मी भावकीतला नाही, मला कानबाई काय माहीत? "नारळ आमच्या आजोबांचा. ती कानबाई आहे, बाई नाही, हे भावकीतल्या दुसऱ्या माणसानं सांगायला पाहिजे. एकट्यानं सांगून चालत नाही."

नारळच कोर्टात आणा ना, असं कोणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं. आप्पांनी कानाला हात लावला. देवी म्हणजे काय चोरीचा माल आहे, पोलिसांपुढे मांडायला?

म्हणून दर तारखेला आप्पा कारकुनाला विचारायचे, माझ्या साक्षीदाराला समन्स निघालं का? कारकून आधी हसायचा, मग वैतागायचा, मग आम्ही दिसलो की उठून चहाला जायला लागला. एकदा एका साहेबांनी समजुतीने सांगितलं, "काका, दंड भरी दो ने, पती जाय." भरून टाका, मिटून जाईल. आप्पा हात जोडून ताठ उभे राहिले. "गुनो कबूल नथी, साहेब. मारो साक्षीदार बोलावो." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, साक्षीदार आणायचा तर तुम्हीच आणा पुढच्या तारखेला.

आता आली का पंचाईत! समन्स घेऊन शिपाई गेला असता तर गोष्ट वेगळी. आप्पांनी स्वतः बोलवायचं म्हणजे आधी बोलायचं. घरी आल्यावर ते माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही फोन लावा. कोर्टाचं काम आहे म्हणा. माझं नाव घेऊ नका."

"कोर्टाचं काम आहे" आणि "नाव घेऊ नका" हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी फोन लावला. हिंमत आवाजाने चांगला माणूस वाटला. सगळं ऐकून घेतलं, कानबाईला तिसरी सवारी धरलं हे ऐकून हसलासुद्धा. हसणं ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले आप्पा आणखी जवळ सरकले. मग पलीकडून हिंमत म्हणाला, "बघतो सर. खात्यात पाळी बदलून मिळाली तर येतो."

आप्पांनी यातलं "येतो" तेवढं उचललं.

तारखेच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो तर आत नवरा-बायकोची बोलाचाली चाललेली. वहिनी भाकरी डब्यात भरत होत्या आणि म्हणत होत्या, "तो येवाव नही, मी सांगस ना." येणार नाही तो. आप्पा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "येई. कोर्टनी तारीख शे." कोर्टाची तारीख आहे, येईल.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि इतके दिवस कसं कळलं नाही याचा स्वतःवर रागही आला. भाऊ कानबाईला आला नाही, रोटाला आला नाही, सणावाराला आला नाही. पण कोर्टाने बोलावल्यावर माणसाला यावं लागतं. आप्पांना दंड माफ करून घ्यायचाच नव्हता. वाकल्याशिवाय भावाला हाक मारायची होती, आणि त्यासाठी त्यांनी अख्खं न्यायालय कामाला लावलं होतं.

त्या दिवशी आप्पा बाकाच्या अगदी टोकाला बसले, जिन्यावरून येणारा माणूस दिसेल असे. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एका माणसाची जागा ठेवली होती आणि तिथे डबा. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघांनी विचारलं, ही जागा रिकामी आहे का? दोघांना आप्पांनी सांगितलं, "माणूस येतोय." जिन्यावर कोणाचंही डोकं दिसलं की आप्पा अर्धे उठायचे. मीही उठायला लागलो. मला हिंमत दिसतो कसा हेही माहीत नव्हतं.

आणि नेमका त्याच दिवशी आमचा पुकारा लवकर झाला.

साहेब बदलले होते. नव्या न्यायाधीश बाई होत्या, तरुण, चष्म्यातल्या. त्यांनी कागद पाहिले, समोरच्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि विचारलं, "आ वच्चे कोण छे, काका?" मध्ये कोण आहे?

आप्पांनी दाराकडे बघितलं. "बेन, माझा साक्षीदार येतोय."

"पण कोण छे?"

"कानबाई छे. अमारी देवी."

बाईंनी फोटो आणखी मोठा केला. नथ दिसली, पदर दिसला, पदराखाली नारळाची शेंडी दिसली. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "आ तो नाळियेर छे!" सरकारी वकील वाकून बघायला लागले, कारकूनही उठला, आणि कोर्टात हशा पिकला. त्यात चेष्टा नव्हती. कंटाळलेल्या माणसांना सकाळी सकाळी काहीतरी चांगलं सापडलं होतं. बाई हसत म्हणाल्या, "जाव काका, तमारो केस पूरो. दंड रद्द."

आप्पा जागचे हलले नाहीत.

"बेन, तारीख आपो ने." तारीख द्या ना.

"शेनी तारीख?" कसली तारीख? बाईंना वाटलं, काकांना ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने सांगितलं, "तमे निर्दोष छो, काका!"

"पण मारो साक्षीदार हजी आव्यो नथी." साक्षीदार अजून आला नाही, हे सांगताना आप्पांचा आवाज बारीक झाला होता. "एक तारीख आपो, बेन. छेल्ली." शेवटची.

त्या कोर्टात त्यापूर्वी कोणी तारीख मागितली असेल तर ती गुन्हेगाराने. सुटलेल्या माणसाने मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बाईंनी समोरचे कागद मिटले. मग अगदी हळू म्हणाल्या, "साक्षीनी जरूर नथी हवे." आता साक्षीदाराची गरज नाही. पुढच्या केसचा पुकारा झाला आणि मी आप्पांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

बाहेर लोक त्यांचं अभिनंदन करत होते. तो चहाला पळणारा कारकून स्वतःहून हात मिळवायला आला. आप्पा सगळ्यांना मान डोलावत होते आणि जिन्याकडे बघत होते. दुपार टळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मी घाई केली नाही. मलाही वाटत होतं, पाळी बदलायला वेळ लागला असेल.

मग निघालो. आप्पा पुढे, माझ्या डोक्यावर वहिनींचं हेल्मेट, आणि आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर तो डबा.

उधन्याकडे येताना एक मोठा चौक लागतो. सरळ गेलं की आमचा रस्ता, उजवीकडे वळलं की भेस्तान. सिग्नल लाल होता. आप्पा थांबले, आणि त्यांनी उजवा हात बाहेर काढला. खांद्याच्या रेषेत, लांब, नेहमीसारखा. मी मागे डबा घट्ट धरला. श्वाससुद्धा जपून घेत होतो. सिग्नल हिरवा झाला. हात तसाच. मागचे हॉर्न वाजवायला लागले. हात तसाच. मग आप्पांनी हात आत घेतला आणि सरळ निघाले.

मागच्या टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि आप्पांना एक सणसणीत शिवी घातली. वळायचा हात दाखवून सरळ जायचं, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली चूक असावी. ती कुठल्याच कॅमेऱ्यात आली नसेल.

चौक ओलांडून थोडं पुढे गेल्यावर त्यांनी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"सर, डबा काढा."

मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी झाकण उघडलं, एक भाकरी काढून तिच्यावर ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. मी संकोचलो. म्हटलं, साक्षीदाराचा आहे ना.

"खा तुम्ही. रोटाला नियम आहे. भाकरीला नाही."

मी खाल्ली. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, दुसऱ्याच्या भावाच्या वाटणीची भाकरी मी उभ्याने खाल्ली, आणि घास गिळताना मला फार वाईट वाटत होतं. आप्पा खात नव्हते. मागे वळून त्या चौकाकडे बघत होते.

"लहानपणी माझ्या ताटातली उचलायचा," ते म्हणाले. "त्याला कळण्याची फार आवडते."

मग त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात नीट गुंडाळली, डबा बंद केला आणि परत दोघांच्या मध्ये ठेवायला माझ्याकडे दिला.